नकोसा नाद आणि त्याचा शोध

संगीत ऐकावे म्हणून आपण घरात स्टिरिओ संच आणतो. परंतु पुष्कळ घरांत गायकाच्या आधी संचच बोलू लागतो. तानपुरा जुळतो न जुळतो तोच त्याच्याखालून एक जाडसर घुरघुर ऐकू येते. मग घरातील मंडळी बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतात. संच जुना झाला असे ठरवून नवा विकत घेतात, अथवा कोणा अर्धवट जाणकाराच्या सल्ल्याने प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. पहिल्या मार्गात पैशाचा अपव्यय आहे. दुसरा तर प्रत्यक्ष जिवावर बेतणारा आहे. माझ्या मते योग्य मार्ग तिसराच आहे आणि तो म्हणजे दोष क्रमाक्रमाने शोधून काढणे. हे काम शाळकरी मुलामुलींनाही, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, सहज करता येण्याजोगे आहे.

नको असलेला प्रत्येक आवाज सारखा नसतो. घुरघुर वेगळी, फुसफुस वेगळी आणि खरखर वेगळी. आपल्या घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करतो. हा प्रवाह सरळ करताना अॅम्प्लिफायरच्या आत त्याचे सेकंदाला १०० हेलकावे होतात, आणि ते शांत करण्याचे काम मोठे कंडेन्सर करतात. वयोमानाने व उष्णतेने कंडेन्सर सुकले की ते हेलकावे स्पीकरपर्यंत पोहोचतात. ज्यांना स्वरज्ञान आहे त्यांना ही घुरघुर इतकी का टोचते, हेही यावरून कळेल. काळी एक पट्टीतील खर्जाचा षड्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा असतो. त्याच्या हिशेबाने १०० कंपनांचा नाद तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध कोठे तरी पडतो. म्हणजे तो धड कोणत्याच स्वरात बसत नाही!

फुसफुशीची गोष्ट निराळी. कोणत्याही विद्युत्‌वाहकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अस्थिर असतात आणि त्यातून एक अतिसूक्ष्म सळसळ निर्माण होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी ती मोजली व नायक्विस्ट यांनी तिचा नियम सांगितला. दोघांचेही लेख १९२८ साली प्रसिद्ध झाले. ही सळसळ समूळ नाहीशी करता येत नाही, फक्त कमी करता येते. ध्वनिफितीवरील फुसफुस कमी करण्याच्या पद्धतीमुळे प्रसिद्धीस आलेले रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या कार्याचे सल्लागार म्हणून आपल्याच देशात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडन येथे आपली प्रयोगशाळा स्थापिली. तेव्हा आवाजाचे बटण अगदी वरपर्यंत फिरविल्यावर थोडी फुसफुस ऐकू आली, तर संचाला नावे ठेवण्याचे कारण नाही.

खरखर मात्र बहुधा धुळीची किंवा सैल जोडणीची असते. बटण फिरवितानाच ती होत असेल तर दोष बटणात आहे. तार हलविताच होत असेल तर तो तारेच्या टोकाशी आहे. तबकडी वाजविताना टक्‌ टक्‌ असा आवाज येत असेल तर घड्याळ हाती घ्यावे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो. बरोबर तेवढ्याच अंतराने टकटक होत असेल, तर ओरखडा तबकडीवर आहे आणि अॅम्प्लिफायर निर्दोष आहे.

आता शोधाचा क्रम पाहू. त्याचा मुख्य नियम एकच: एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम ऐकून लिहून ठेवावा. प्रथम आवाजाचे बटण शून्यावर आणावे. तरीही घुरघुर तशीच राहिली तर दोष बटणाच्या पुढील भागात, म्हणजे अॅम्प्लिफायरमध्येच आहे. ती बटणाबरोबर वाढत वा कमी होत असेल तर दोष बटणाच्या अलीकडे आहे. नंतर संच बंद करून, अॅम्प्लिफायरकडे येणाऱ्या डाव्या व उजव्या तारांची अदलाबदल करावी व संच पुन्हा सुरू करावा. एकाच बाजूचा आवाज आता दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर दोष तारेत किंवा तिच्या मागील यंत्रात आहे. जागच्या जागी राहिला, तर अॅम्प्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये आहे. स्टिरिओचे दोन भाग असे एकमेकांचे साक्षीदार होतात.

दोन्ही स्पीकरांतून घुरघुर येत असेल, तर जोडलेली यंत्रे एकेक करून सोडवीत जावे. दूरदर्शन संचाची बाहेरून येणारी केबल काढून पाहावी. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून पाहावा. एखादे यंत्र सुटताच घुरघुर थांबली, तर कारण बहुधा अर्थिंगच्या वळशाचे असते. दोन यंत्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेली असतात आणि ध्वनीच्या तारेवरील जाळी त्यांना पुन्हा एकमेकांशी जोडते. असा बंद वळसा तयार झाला की त्यातून विजेचा बारीक प्रवाह वाहतो व गाण्यात मिसळतो. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत, ध्वनीच्या तारा आखूड ठेवाव्यात, तबकडीच्या यंत्राची अर्थिंगची बारीक तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बसवावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर ध्वनीच्या तारेत लहानसा विलगक ट्रान्सफॉर्मर बसवावा.

येथेच तो घातक सल्ला पुढे येतो. तिसरी पिन काढली की वळसा तुटतो व घुरघुर थांबते, हे खरे आहे. म्हणूनच तो सल्ला फसवा आहे. अर्थिंगची तार संगीतासाठी नसून माणसासाठी असते. आतील एखादी तार निसटून धातूच्या पेटीला लागली, तर अर्थिंगमुळे मोठा प्रवाह जमिनीकडे जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग तोडली असेल तर फ्यूज शाबूत राहतो, आणि ती पेटी २३० व्होल्टचा दाब धरून पहिल्या हाताची वाट पाहत बसते. तो हात घरातील लहान भावंडाचाही असू शकेल. इतकेच काय, तारांच्या जाळीतून तोच दाब शेजारच्या यंत्रावरही पोहोचू शकतो. जे यंत्र मुळातच दोन पिनांचे बनविलेले असते त्याची गोष्ट वेगळी. परंतु तीन पिनांचे यंत्र आपण होऊन दोन पिनांचे करणे हा अक्षम्य अविचार आहे.

कोणी म्हणेल, 'हे सारे कारागिराचे काम. आपण त्यात कशाला पडावे?' पेटी उघडणे हे कारागिराचेच काम आहे, यात शंका नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत वीज साठून राहते, म्हणून विद्यार्थ्यांनी आत हात घालूच नये. परंतु बाहेरून करावयाची पारख करण्यास बंद पेटी पुरेशी असते. 'दोन्ही बाजूंना घुरघुर आहे, बटण शून्यावर असतानाही आहे, आणि सर्व तारा काढल्या तरी आहे' असे जो कारागिराला सांगू शकतो, त्याचे निम्मे काम झालेले असते आणि त्याला फसविणेही अवघड जाते.

आपल्या शाळांतून विज्ञानाचे नियम पाठ होतात; ते घरच्या वस्तूला लावून पाहण्याची सवय मात्र लागत नाही. ही सवय लावण्यास घुरघुरणाऱ्या संचाइतके स्वस्त साधन क्वचितच मिळेल. तेव्हा पुढच्या वेळी असा आवाज कानी पडला, तर वही-पेन्सिल घेऊन बसावे, एकेक शक्यता खोडीत जावे, आणि प्लगची तिसरी पिन मात्र जेथे आहे तेथेच राहू द्यावी.