आत्याला व्हिसा नाही

माझा जन्म मिरजेचा, चौथीपर्यंतची शाळाही मिरजेतच. पुढे बाबांच्या नोकरीपायी आम्ही टोरोंटोला गेलो. घरात आजही मराठीच चालतं. भांडणं तर अस्सल मिरजेच्या मराठीत होतात. तरीही दक्षिण कोरियाच्या सरकारदरबारी मी इंग्रजीची ‘नेटिव्ह स्पीकर’ आहे. हे ठरवताना माझं इंग्रजी कुणी तपासलं नाही. पासपोर्ट तपासला, पदवीचं प्रमाणपत्र तपासलं, पोलिसांचा दाखला तपासला आणि इथे उतरल्यावर रक्त-लघवीसुद्धा तपासली. इंग्रजी तेवढं राहून गेलं.

ई-टू नावाचा हा व्हिसा इंग्रजी शिकवण्यासाठी सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताबरोबरच्या, २०१० पासून लागू झालेल्या व्यापार करारात भारतीय शिक्षकांसाठी एक खिडकी ठेवलेली आहे, पण ती शाळांमधल्या सहायक शिक्षकापुरती. त्या खिडकीतून आत आलेलं माणूस मला अजून तरी भेटलेलं नाही. माझ्या आत्याने मिरजेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. कुणी ‘डिसकस अबाउट’ म्हटलं की आजही तिच्या कपाळावर आठी चढते. टोरोंटोच्या वर्गात पहिल्या वर्षी मी तोंड उघडू शकले ते तिच्यामुळे. पण तिचा पासपोर्ट भारतीय, सबब ती नेटिव्ह नाही. इथल्या खासगी क्लासमध्ये तिला दारात उभं करणार नाहीत आणि तिच्याच हाताखाली शिकलेल्या मला पगार, शिवाय राहायला खोली देतात.

मी राहते गिम्हेला, बुसानला खेटून असलेल्या शहरात, आणि शिकवते एका हागवॉनमध्ये. हागवॉन म्हणजे आपला क्लास. आपल्याकडे क्लासचा खरा जोर दहावी-बारावीला. इथे बालवाडीपासूनच सुरुवात. इंग्रजीचा वेगळा, गणिताचा वेगळा, पियानोचा, तायक्वांदोचा वेगळा, आणि बहुधा सगळे एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या मजल्यांवर. शाळा सुटली की पिवळ्या व्हॅन मुलं आणून ओततात. २०२४ मध्ये शाळकरी मुलांच्या खासगी शिकवणीवर या देशाने २९ लाख कोटी वॉनहून जास्त खर्च केला, आणि दहातली आठ मुलं कुठल्या ना कुठल्या क्लासला जातात. सोलमध्ये रात्री दहानंतर हागवॉन चालू ठेवायला बंदी आहे. असा नियम करावा लागतो, यातच काय ते समजा.

पहिल्या दिवशी संचालकबाईंनी मला एकच सूचना दिली: तुला कोरियन येत असलं तरी येत नाही असं दाखवायचं. पुढे मला ते यायला लागलंच, कारण भाजी आणताना आणि घरमालकाशी गीझरवरून हुज्जत घालताना ते शिकण्यावाचून गत्यंतर नसतं. तेव्हापासून मी वर्गात बहिरेपणाचं सोंग घेऊन वावरते, आणि माझ्याविषयी खुलेआम होणाऱ्या चर्चा माझ्या कानांवर पडत असतात. टीचरचं नाक मोठं आहे. टीचरने कालचीच पँट घातलीय. टीचरला सर्दी झालीय, म्हणजे आज नक्की गेम. एकदा पुढच्या बाकावरच्या दोघींनी माझ्या लग्नाचा विषय काढला, गणिताच्या सरांचं स्थळ सुचवलं, आणि ‘पण सर बुटके आहेत’ म्हणून स्वतःच मोडीत काढलं. हे सगळं चालू असताना मी फळ्यावर ‘अ’ आणि ‘ॲन’ समजावत होते. चेहरा सरळ ठेवण्याचं कौशल्य मुलाखतीत का विचारत नाहीत, कोण जाणे.

वय, लग्न, पगार हे प्रश्न मुलं समोरून, इंग्रजीतूनही विचारतात. माझे अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सहकारी याने हैराण होतात. मला मात्र आल्या आल्या घरी आल्यासारखं वाटलं. मिरज स्टेशनवर सांगलीच्या गाडीची वाट बघताना शेजारच्या काकू याहून जास्त माहिती काढून घेतात.

क्लासमध्ये प्रत्येक मुलाला एक इंग्रजी नाव असतं. ते बहुधा आई ठेवते, त्यामुळे सोफिया, ऑलिव्हिया आणि केव्हिन यांची गर्दी होते. पण माझ्या चौथीच्या तुकडीतल्या केव्हिनने स्वतःचं नाव ‘थंडर’ करून घेतलंय. त्याच्या शेजारी बसतो तो ‘बॉस’. गेल्या नोव्हेंबरात पेपेरो डे होता. चॉकलेटमध्ये बुडवलेल्या बिस्किटाच्या बारीक काड्या म्हणजे पेपेरो, आणि ११-११ ही तारीख चार काड्यांसारखी दिसते म्हणून त्या दिवशी सगळा देश एकमेकांना त्या वाटतो. मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात शिरले तर थंडर डोळ्यांत पाणी घेऊन उभा.

‘टीचर, बॉस लायर! बॉस ईट माय पेपेरो. टू!’

‘नो! ही गिव्ह! ही गिव्ह मी!’

‘आय गिव्ह वन! यू ईट टू!’

बॉसने थोडा विचार केला. ‘यस्टरडे... यू सेड... यू गिव्ह टू.’

यावर थंडर ओरडला, ‘यस्टरडे आय गेव्ह! टुडे नो!’

‘गिव्ह’चं ‘गेव्ह’ होतं हे त्याला त्याच्या कोरियन बाईंनी पाठ करायला लावलेल्या तक्त्यात होतं आणि चाचणीत ते त्याने बरोबर लिहिलंही असणार. पण माझ्यासमोर ते त्याच्या तोंडातून पहिल्यांदा निघालं ते दोन काड्यांपायी. खटला माझ्याच्याने सुटेना, तेव्हा वर्गानेच तो ‘कावी, बावी, बो’वर सोडवला. म्हणजे कात्री, दगड, कागद. या देशात कुणी आधी फळा पुसायचा इथपासून शेवटचा मोमो कुणी खायचा इथपर्यंत सगळे निकाल त्यावर लागतात आणि त्यावर अपील नसतं. बॉस हरला. त्याने खिशातून एक काडी काढून दिली. ती अर्धी होती.

मला म्हणायचंय ते इथेच. मुलं माझ्याशी इंग्रजी बोलतात ती मी कॅनडाची म्हणून नव्हे, तर माझ्याकडे गाऱ्हाणं नेण्याचा दुसरा रस्ता त्यांना माहीत नाही म्हणून. त्यांना हवी असते भाषेपलीकडे अडून बसलेली, पण ऐकून घेणारी एक मोठी बाई. या कामाला आत्या माझ्याहून सरस ठरली असती. तिला कोरियन खरोखरच येत नाही. सोंगसुद्धा घ्यावं लागलं नसतं.

उच्चाराचं काय, असं संचालकबाई विचारतील. विचारोत. त्यांच्याकडे याआधी डरबनचा एक शिक्षक आणि ग्लासगोची एक शिक्षिका होऊन गेले. त्या दोघांचं इंग्रजी एकमेकांना कळायला आठवडा लागला, असं त्याच सांगतात. तरी दोघेही नेटिव्ह.

माझ्या चेहऱ्याचाही प्रश्न आहेच. ‘टीचर, कॅनडा? रिअली?’ असं नव्या तुकडीत कुणी ना कुणी विचारतंच. मूळ भारतातली म्हटलं की वर्ग एकदम खूश होतो, आणि मग दोन गोष्टी हमखास घडतात.

पहिली, कुणी तरी किम उठून सांगतो की त्याची आजी भारतीय आहे. गिम्हेत हे ऐकून दचकायचं नसतं. ‘समगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात अशी कथा आहे की इसवी सन ४८ मध्ये आयुता नावाच्या देशाची राजकन्या जहाजाने इथे आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाची राणी झाली. तीच हो ह्वांग-ओक. आयुता म्हणजे अयोध्या असं इथले पुष्कळ लोक मानतात. इतिहासकार त्यावर मान डोलावत नाहीत, पण राणीची समाधी आमच्या क्लासपासून बसच्या अंतरावर आहे आणि तिच्यापासून आपला वंश मोजणारे गिम्हे किम चाळीस लाखांहून जास्त आहेत. राजा-राणीच्या मुलांपैकी काहींनी आईचं आडनाव लावलं, म्हणून किम आणि हो यांच्यात लग्न करायचं नाही, अशी रीत आहे. कोरियन सहकारी बाई मला हे फार अवघड असल्यासारखं समजावून सांगत होत्या. मी म्हटलं, कळलं, सगोत्र.

दुसरी गोष्ट म्हणजे पाढे. या शतकाच्या सुरुवातीला इथे एक लाट आली होती: भारतीय मुलं एकोणीसपर्यंतचे पाढे पाठ करतात, आपली फक्त नऊपर्यंत, म्हणून ती मागे पडतात. पुस्तकं निघाली, तक्ते निघाले. लाट ओसरली, पण समज शिल्लक आहे. त्यामुळे माझी परीक्षा होते. ‘टीचर, सेव्हन्टीन, एटीन!’ असं म्हणून एक जण मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून बसतो. माझ्या आजोबांनी तीसपर्यंतचे पाढे आणि वर पावकी-निमकी घोकून घेतली होती, संध्याकाळी, देवापुढे, जेवणाच्या आधी. मी ओठांतल्या ओठांत सतराचा पाढा चढते आणि ‘थ्री हंड्रेड सिक्स’ म्हणते. वर्ग ‘वा!’ करून ओरडतो. माझ्या इंग्रजीवर असं कुणी ओरडलेलं नाही.

वरच्या वर्गातल्या मुलांशी असली मजा होत नाही. त्यांच्यापुढे सुनुंग उभी असते, म्हणजे नोव्हेंबरातली कॉलेज प्रवेशाची परीक्षा. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात, शेअर बाजार तासभर उशिरा सुरू होतो, उशीर झालेल्या मुलांना पोलीस मोटरसायकलवरून पोहोचवतात. इंग्रजीचा ऐकण्याचा भाग असतो तेव्हा दुपारी ३५ मिनिटं देशभरात विमान ना उतरत ना उडत. बुसानचा विमानतळ आमच्याच बाजूला असल्याने ती शांतता आम्हाला चांगली जाणवते. इंग्रजीसाठी आख्ख्या देशाचं आकाश थांबवणारा दुसरा देश मला माहीत नाही. आणि त्या परीक्षेत एकाही मुलाला इंग्रजीत एक वाक्य बोलावं लागत नाही. बाकीचे उतारे तत्त्वज्ञानाचे, अर्थशास्त्राचे, एकेका वाक्यात चार पोटवाक्यं असलेले. माझ्या कॅनडाच्याच एका सहकाऱ्याने गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका हौसेने सोडवायला घेतली आणि तिसऱ्या उताऱ्यावर चहा करायला उठला तो परत आलाच नाही. आत्याने मात्र व्हॉट्सॲपवर पाठवलेले चार उतारे सोडवून, ‘दुसऱ्यात त्यांचे दोन पर्याय लागू होतात’ असा शेरा पाठवला.

२०१७ च्या परीक्षेपासून सरकारने इंग्रजीचे गुण इतर मुलांशी तुलना न करता द्यायला सुरुवात केली. नव्वद किंवा त्याहून वर जो कुणी तो पहिल्या श्रेणीत. शर्यत कमी व्हावी हा हेतू. शर्यत मात्र खालच्या वयाकडे सरकलेली मी बघते. सोलच्या नावाजलेल्या इंग्रजी क्लासमध्ये शिरण्यासाठी शाळेत जायच्या आधीच परीक्षा असते, तिला लोक ‘सात वर्षांची परीक्षा’ म्हणतात, आणि ते सात कोरियन हिशेबाने. आपल्या हिशेबाने मूल पाच-सहाचंच असतं. अशा घरांतले आईवडील क्लास निवडताना पहिला प्रश्न विचारतात तो नेटिव्ह शिक्षक आहे का. या प्रश्नावर आमची खोलीभाडी निघतात, तेव्हा मी फार आवाज करू नये हे खरं. पण दोन वर्षांपूर्वी मिरजेला गेले तेव्हा एका इंग्रजी शाळेच्या फलकावर ‘परदेशी शिक्षकांचे मार्गदर्शन’ असं झळकताना दिसलं. त्याच रस्त्यावर आत्या राहते. शाळेने तिला कधी बोलावलेलं नाही.

सध्या आमच्याकडे वेगळाच पेच आहे. थंडरच्या आईने संचालकबाईंना फोन करून विचारलं की या टीचर शनिवारी पाढे शिकवतील का, फी वेगळी देऊ. संचालकबाईंना कल्पना आवडली. अडचण अशी की ई-टू व्हिसावर मला फक्त भाषा शिकवता येते. गणित शिकवलं तर दोघींवर कारवाई. हे मी सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि परवा जिन्यात गाठून विचारलं, पाढे इंग्रजीत म्हटले तर ते संभाषण धरता येईल ना?

मी त्यांना सांगितलं की सतराचा पाढा मला इंग्रजीत येत नाही.