कचऱ्याचे धन आणि शेजाऱ्याचा वाटा

देवगुराडिया म्हटले की जुन्या इंदूरकरांना महादेवाचे देऊळ आणि महाशिवरात्रीची जत्रा आठवते. पुढच्या पिढीस मात्र ते नाव कचऱ्याच्या डोंगरामुळे परिचयाचे झाले. सुमारे १०० एकरांत साचलेला १३ लाख टनांचा तो डोंगर २०१८ साली निवडून, चाळून हलविण्यात आला. आणि १९ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच जागी ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७ हजार किलो गॅस व १०० टन खत द्यावे, अशी त्याची योजना. सुमारे १५० कोटींचे भांडवल खाजगी कंपनीने घातले. निम्मा तरी गॅस महापालिकेने शहरातील बसगाड्यांसाठी घ्यावा, आणि कंपनीने पालिकेस दरसाल सुमारे अडीच कोटी रुपये द्यावेत, असे ठरले.

कालपर्यंत जी खर्चाची बाब होती ती आज उत्पन्नाची बाब झाली. आणि उत्पन्न आले की वाटणीचा प्रश्न आलाच. पालिकेच्या तिजोरीत पडलेला रुपया कोणत्या खात्यात विरघळला हे सामान्य नागरिकास कधीच कळत नाही. म्हणून आमचा प्रश्न असा की, कचऱ्याच्या या धनातून एक लहानसा, वेगळा, उघड हिशेबाचा निधी शहरातील वस्त्यांसाठी का काढू नये?

ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडात १९९६ साली कचरा पुरण्यावर कर बसला, तेव्हाच अशी तजवीज करण्यात आली की, कचरा पुरणाऱ्या कंपनीने आसपासच्या गावांतील लोकोपयोगी कामांस देणगी दिल्यास त्या देणगीचा ९० टक्के भाग तिला करातून वजा मिळावा. त्यातून बागा, गावकीची सभागृहे, जुनी प्रार्थनामंदिरे यांची डागडुजी झाली. खड्डा ज्यांच्या शेजारी, कामे त्यांच्या परिसरात. आणि देणाऱ्यास त्यातून लाभ उठविता येऊ नये, यावर देखरेख करणारी संस्था निराळी. आपल्याकडेही २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावणे बंधनकारक केले. स्थानिक भागास प्राधान्य द्यावे असे सांगितले. आणि मान्य कामांच्या यादीत कला, वारसा व सार्वजनिक ग्रंथालये यांचीही नावे घातली. तेव्हा वाट आहे. तिच्यावरून चालण्याची इच्छा हवी.

आमच्या काही वाचकांस हे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. कचऱ्याच्या पैशावर शारदेची पूजा करावयाची काय, असे ते विचारतील. त्यांना आम्ही याच शहराच्या इतिहासाकडे पाहण्याची विनंती करू. १९१७ साली इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी होळकर दरबारने नगररचनेसाठी बोलाविलेल्या पॅट्रिक गेडिस यांनी प्लेगच्या छायेत दिवाळीची एक विलक्षण मिरवणूक काढली. जो भाग आपली घरे, गल्ल्या सर्वांत स्वच्छ करील त्याच भागातून ती जाणार होती. तिच्यात प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, आणि नवे पांढरे कपडे घातलेले, हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. पुढे १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड यांनी दरबारने दिलेल्या जमिनीवर शेतीसंशोधनाची संस्था चालविली. तेथे काडीकचरा, शेण, राख यांचे थर रचून, ठरावीक वेळी परतून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची जी रीत सिद्ध झाली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ साली त्यावर निघालेल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर दुसरे नाव आहे ते यशवंत वाड या आपल्याच माणसाचे. उकिरड्यात हात घालण्यात आमच्या एका विद्वानास कमीपणा वाटला नाही. मग त्यातून आलेल्या पैशास स्पर्श करण्यात आमच्या वाचनालयांनी का कचरावे?

परंतु पंक्तीत पहिले पान आमचे नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पहिले पान देवगुराडियाच्या आसपास राहणाऱ्यांचे. शहराचा उकिरडा त्यांच्या उशाशी होता. धूर आणि दुर्गंधी त्यांनी सोसली. दुसरे पान पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या हातांचे. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेच्या पहिल्या मानाचे धनी आहे ते मुख्यतः त्यांच्या बळावर. त्यांच्या मुलांच्या शिक्षणास, त्यांच्या वस्तीतील वाचनखोलीस या निधीतून आधी मिळावे. तिसरे पान घरोघरच्या गृहिणींचे. ओले आणि सुके त्या रोज वेगळे करतात म्हणून तो कारखाना चालतो. मिसळलेला कचरा त्या यंत्राच्या पोटात पचत नाही. म्हणजे हा निधी कंपनीने केलेला दानधर्म ठरत नाही. बिनपगारी श्रमाचा तो अल्पसा मोबदला आहे. ही भूमिका आम्हांस महत्त्वाची वाटते, कारण दान मागणारा हात खाली असतो आणि वाटा मागणारा बरोबरीने पुढे येतो.

यानंतर मोहल्ल्यांतील ग्रंथालये, नाट्यसंस्था, व्यायामशाळा यांचा क्रम लागावा. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि दरबारचा आश्रय संपला. तेव्हापासून आमच्या अनेक संस्था जुन्या पुण्याईवर आणि मूठभरांच्या वर्गणीवर उभ्या आहेत. छप्पर गळते, पुस्तकांस कसर लागते, आणि वार्षिक सभेत राजाश्रयाच्या आठवणी निघतात. या संस्थांनी नव्या आश्रयदात्याच्या दारात जुन्याच वाकलेल्या पाठीने उभे राहू नये. एकूण खर्चाचा चौथा हिस्सा तरी संस्थेने सभासदांकडून जमवावा, मगच उरलेल्यासाठी अर्ज करावा. ज्या वाचनालयास आपलीच माणसे वर्षाची वर्गणी देत नाहीत, त्यास परक्याचे अनुदान किती दिवस जगविणार?

आणि एक अट सर्वांत मोठी. दिलेल्या पैशाने तोंड बंद होता कामा नये. उद्या कारखान्यातून दुर्गंधी आली, पाणी नासले, कामगारांस हातमोजे मिळाले नाहीत, तर अनुदान घेतलेल्या संस्थेनेही पहिल्या रांगेत उभे राहून तक्रार करावी. याचसाठी वाटप कंपनीच्या किंवा नगरसेवकांच्या हाती नसावे. शिक्षक, डॉक्टर, सफाई कामगारांचे प्रतिनिधी व त्या परिसरातील रहिवासी यांच्या समितीने ते करावे, आणि कोणास किती दिले याची यादी दरवर्षी वृत्तपत्रांत छापावी. पाटीवर कंपनीचे नाव लागले तर आमची हरकत नाही. मात्र हिशेबाची वहीही त्या पाटीशेजारीच ठेवलेली असावी.

अडीच कोटींतील दहावा हिस्सा जरी असा बाजूस काढला तरी दरसाल पंचवीस लाख होतात. एका महानगराच्या अंदाजपत्रकात ही रक्कम दिसणारही नाही. पण पन्नास हजारांच्या पन्नास लहान कामांत तिचे सोने होईल. पालिकेने येत्या अंदाजपत्रकात याचा विचार करावा, आणि आमच्या संस्थांनी तोवर आपल्या सभासदांची वर्गणी गोळा करून ठेवावी.