शाळेतल्या टीव्हीचं कव्हर काढा!

देवणी तालुक्यातले पालक, शाळा व्यवस्थापन समित्या आणि ग्रामपंचायती यांना जाहीर आवाहन

पालकहो,

आपल्या गावच्या झेडपीच्या शाळेत एकदा सवड काढून जा. अनेक शाळांत भिंतीवर एक मोठा टीव्ही दिसेल. कुठं तो लोकवर्गणीतून आलाय, कुठं सरकारी योजनेतून. आला त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले, शाळा 'डिजिटल' झाल्याची पाटी लागली. आज त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून कव्हर आहे आणि रिमोट कपाटात कुलूपबंद आहे. जिथं टीव्ही चालू आहे, तिथंही पोरं हाताची घडी घालून कवितांचे व्हिडिओ बघत बसतात. याला आम्ही शिकणं म्हणत नाही. ज्या यंत्राला पोराचा हात लागत नाही, ते यंत्र पोराला काहीही शिकवत नाही. एवढ्याच एका गोष्टीसाठी हे पत्रक काढलं आहे.

आपला जिल्हा परीक्षेच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'साठी महाराष्ट्रभर ओळखला जातो. दहावीनंतर ऐपत असलेला बाप पोराला लातूरला क्लासला ठेवतो, नसलेला गावातच ठेवतो. पण परीक्षा दोघांची एकच. एमएचटी-सीईटी २०१९पासून संगणकावर होते. जेईई मेन संगणकावर होते. २०२३ची तलाठी भरतीसुद्धा संगणकावरच झाली. ज्या लेकरानं बारा वर्षांच्या शाळेत माऊस हातात धरलेला नाही, त्यानं तो पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये धरायचा, तेही घड्याळ पळत असताना? हा अन्याय आहे, आणि तो पाचवीपासूनच सुरू होतो.

पण परीक्षेसाठीच हे सगळं हवं, असं आम्ही म्हणत नाही. आपल्या घरातच बघा. २०२१पासून ई-पीक पाहणी आली. सातबाऱ्यावर सोयाबीन, तूर लागायची तर शेतकऱ्यानं शेतात जाऊन ॲपमधून पिकाची नोंद करायची, फोटो टाकायचा. कितीतरी घरांत ते काम कोण करतं? आठवी-नववीतलं पोर. गट नंबर तेच टाकतं, क्षेत्रही तेच भरतं. बाप सांगतो दोन एकर दहा गुंठे, ॲप मागतं हेक्टर आणि आर. तिथं पोर अडकतं. एकराचे गुंठे चाळीस, हेक्टरचे आर शंभर. हा हिशेब वर्गात टॅबवर, आपल्याच शिवाराच्या नकाशावर झाला असता तर गणितही पक्कं झालं असतं आणि नोंदही चुकली नसती. घरानं ज्या पोराच्या हातात कारभार दिलाय, त्याच पोराच्या हातात शाळा टॅब द्यायला घाबरते.

आणखी एक उदाहरण, आपल्या नावाचंच. देवणी गाय देशभर माहीत आहे. पूर्ण पांढरी ती बालंक्या, अंगानं पांढरी पण तोंडावर काळा भाग असलेली वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा. म्हाताऱ्या माणसांना हे एका नजरेत कळतं, पोरांना आता कळेनासं झालंय. सातवीच्या वर्गानं गावातल्या गोठ्यागोठ्यात जावं, प्रत्येक गायीचा फोटो काढावा, मालकाला विचारून वय, वेत, सकाळ-संध्याकाळचं दूध लिहून घ्यावं. ही माहिती एक्सेलच्या तक्त्यात भरावी, सरासरी काढावी, आलेख काढावा. मग वर्गात वाद घालावा: ही गाय वानेरा की शेवरा? फोटो मोठा करून सगळ्यांनी बघावं आणि ठरत नसेल तर जाणत्या माणसाला शाळेत बोलवावं. माहिती गोळा करणं, ती तपासणं, मांडणं आणि चुकीचा आकडा पकडणं, यालाच जग आज नवं कौशल्य म्हणतं. त्यासाठी पुण्याची कंपनी लागत नाही. आपले गोठे, चार टॅब आणि एक मनावर घेणारा शिक्षक पुरे.

असा शिक्षक काय करू शकतो, हे सोलापूर जिल्ह्यानं दाखवलंय. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले. पुढे राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, आणि २०२०मध्ये गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना देऊन टाकली. क्यूआर कोडची काळी-पांढरी चौकट कोणीही छापू शकतं. तिच्यामागचा धडा आपल्या वर्गातल्या पोरांसाठी स्वतः बसून तयार करणारा शिक्षक होता, म्हणून ती कामाला आली.

"मोबाईलनंच पोरं बिघडली, शाळेत आणखी कशाला?" असं बऱ्याच आया विचारतात. त्यांची काळजी खरी आहे. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं दिसलं. त्यांतल्या ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला, अभ्यासासाठी ५७ टक्के मुलांनी. म्हणजे फोन त्यांच्या हातात आलेलाच आहे. रील बघायला कोणी शिकवावं लागत नाही. खोटा मेसेज ओळखायला, ओटीपी न सांगायला मात्र शिकवावं लागतं. त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्यांपैकी मुलग्यांमध्ये ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये फक्त २७ टक्क्यांकडे. घरात भावाच्या हातून फोन न मिळणाऱ्या लेकीला टॅब मिळण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे शाळा. म्हणून टॅबवरची पहिली पाळी मुलींची असावी, असा आमचा आग्रह आहे.

पहिली-दुसरीला मात्र पडदा नकोच. तिथं पाटी, गोष्ट आणि मोठ्यानं वाचन. स्वीडनसारखा श्रीमंत देशही २०२३मध्ये लहान मुलांच्या हातात पुन्हा छापील पुस्तकं देऊ लागला.

आता शिक्षकांबद्दल. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. पोषण आहाराची नोंद ऑनलाईन, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीची माहिती ऑनलाईन, आणि व्हॉट्सॲपवर 'आज दुपारपर्यंत तातडीने पाठवा' असा हुकूम. शाळेत डिजिटल म्हणून जे आलं, ते बहुतेक वरिष्ठांना आकडे पुरवण्यासाठी आलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. माहिती भरण्याचं काम पंचायत समितीनं वेगळ्या माणसाकडे द्यावं आणि गुरुजी वर्गात राहू द्यावेत.

दुसरी अडचण विजेची. वीजबिल थकलं की मीटर कापलं जातं आणि सगळी डिजिटल शाळा अंधारात बसते. हे बिल ग्रामपंचायतीनं उचलावं, गावाच्या विकास आराखड्यात ते लिहावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा हक्क कायद्यानं याच समितीला दिलाय. पुढच्या बैठकीत कोऱ्या रजिस्टरवर सह्या करू नका. शाळेत किती यंत्रं आहेत, किती चालू आहेत, गेल्या महिन्यात कुठल्या वर्गानं किती तास हाताळली, हे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. मग येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: पाचवीपासून पुढं प्रत्येक मुला-मुलीच्या हातात आठवड्याला किमान दोन तास टॅब किंवा संगणक, वीजबिल ग्रामपंचायतीकडे, आणि कपाटाची एक किल्ली समितीकडे. ठराव प्रोसिडिंगमध्ये चढल्याशिवाय आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल हातात पडल्याशिवाय सभेतून उठू नका.

आपले,
देवणी तालुक्यातले काही पालक