ताप उतरत नसेल तर

जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णिलेल्या आजाराची लक्षणे ठळक आहेत: पाच दिवसांचा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, पुरळ, सुजलेले हातपाय, मानेत गाठ. तान्ह्या बाळांत मात्र ती अर्धवटच दिसतात. कधी नुसता ताप आणि किरकिर. हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगण्याचा धोका नेमका त्यांनाच जास्त. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी टोचतात. त्या लसीचा व्रण अचानक लालबुंद झाला, तर ही मोलाची खूण समजावी; त्यासाठी फक्त बाळाची बाही वर करावी लागते. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन हे औषध दिल्यास रक्तवाहिन्या फुगण्याचा धोका २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास येतो. पण ताप साध्या संसर्गाचा समजून अँटिबायोटिक बदलण्यातच हे दिवस संपतात. इम्युनोग्लोब्युलिन महाग आहे. जिल्हा रुग्णालयांत ते आणि हृदयाची टूडी इको तपासणी वेळेत मिळालीच पाहिजे.