भक्तांचे ज्ञानकोश

कॅप्टन कर्कचा जन्म सन २२३३ मध्ये झाला. होणार नव्हे, झाला! ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेच्या भक्तांनी २००३ साली आरंभलेला ‘मेमरी अल्फा’ हा संगणकीय कोश भविष्यालाही भूतकाळात बसवतो. २००५ सालच्या ‘वूकीपीडिया’त ‘स्टार वॉर्स’च्या काल्पनिक लढायांची बखर तितक्याच गांभीर्याने लिहिली जाते. भक्ती आली की तारतम्य गेलेच!

हसू येते खरे. पण हसणाऱ्यांच्या पदरी काय आहे? बाबूराव पेंटर यांनी १९१७ साली कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या त्या मूकपटाची प्रतही आज उपलब्ध नाही. वेदगंगेकाठच्या मुरगुडात कृष्णधवल चित्रपटांचा काळ अनुभवलेली पिढीही आता मावळत आहे. तिच्या आठवणी कोणी टिपायच्या?

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी साधनांच्या दुष्काळात ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. परदेशी भक्तांपाशी तारतम्य नसेल, चिकाटी आहे. एक छदामही न घेता ते लिहितात. तेवढी चिकाटी उचलून मुरगूडच्या तरुणांनी आजोबांसमोर वही घेऊन बसावे. कर्कच्या जन्माला अद्याप दोनशे वर्षे अवकाश आहे. आजोबांपाशी तेवढा वेळ नाही.