बेडूक वर्गातून गेला, प्रयोगशाळेचा प्रश्न उरला

बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय विमानतळामुळे देशभर परिचित झालेल्या देवनहळ्ळी इथे आकाश वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे, किंवा देशातल्या अन्य कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी आता बेडूक हाती घ्यावा लागत नाही. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमानुसार बेडकाच्या मज्जातंतू आणि स्नायूंवरील प्रयोग संगणकाच्या साहाय्याने पाहायचे असतात.

आधीच्या पिढ्यांतील डॉक्टरांना हे प्रात्यक्षिक चांगलेच आठवत असेल. बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसह अलग काढायचा, त्याला विजेचा सौम्य धक्का द्यायचा आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर स्नायूच्या आकुंचनाचा आलेख उमटवायचा. या परंपरेचे मूळ इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांच्या संशोधनात आहे. बेडकाच्या पायावरील विजेचा परिणाम त्यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केला.

हा बदल अचानक झालेला नाही. पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रपट यांनी काम भागत असेल, तर वैद्यकीय शिक्षणात प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, अशी दिशा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेच दिली होती. तिची प्रत्यक्ष अंमलबजावणी व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. तरीही हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. वर्गातील प्रयोगाचे उत्तर दोन शतकांपासून ठाऊक आहे. ते पुन्हा पाहण्यासाठी दरवर्षी असंख्य बेडकांचा जीव घेण्याचे समर्थन करता येत नाही.

संशोधनाच्या बाबतीत मात्र परिस्थिती वेगळी आहे. तिथे उत्तर आधी माहीत नसते आणि जे माहीत नाही, ते संगणकात भरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून दाखवले, की दक्षिण अमेरिकेतील क्युरारे हे विष मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश त्यांच्या संधिस्थानापाशीच रोखते. या शोधाचा उपयोग पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी झाला.

भारतासाठी हे संधिस्थान आजही जीवनमरणाचा विषय आहे. नागाच्या विषातील घटक स्नायूच्या बाजूने, तर मण्याराच्या विषातील काही घटक मज्जातंतूच्या बाजूने हा संदेश तोडतात. श्वसनाचे स्नायू निकामी झाले की रुग्ण दगावतो. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. याचा अर्थ वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू असा होतो. यांत बहुसंख्य ग्रामीण भागातील आहेत. २०३० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखड्याद्वारे जाहीर केले.

या लढ्यातील मुख्य अस्त्र असलेले प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. त्याच्या निर्मितीत मुंबईच्या हाफकिन संस्थेचा दीर्घकाळ वाटा राहिला आहे. प्रतिविषाची क्षमता उंदरांवर तपासली जाते. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी २०२४ च्या प्रारंभी एक कृत्रिम प्रतिपिंड विकसित केल्याचे जाहीर केले. नाग, मण्यार आणि आफ्रिकेतील मांबा यांच्या कुळांतील सापांच्या विषात आढळणाऱ्या एका प्रमुख प्रकारच्या मज्जाविषाला तो निष्प्रभ करतो. या प्रतिपिंडासाठी घोड्याला विष टोचावे लागत नाही. मात्र त्याची परिणामकारकता सिद्ध करण्यासाठी उंदरांचाच आधार घ्यावा लागला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पर्यायांचा शोध थांबलेला नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी मानवी पेशींपासून बनवलेले लघुअवयव आणि तत्सम पद्धती वापरण्याची मुभा केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून दिली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही एप्रिल २०२५ मध्ये काही औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याची रूपरेषा जाहीर केली. पेशींच्या पातळीवरील अनेक प्रश्नांना या पद्धती उत्तर देऊ शकतील. परंतु विष टोचल्यापासून श्वास थांबेपर्यंत संपूर्ण शरीरात काय घडते, हे त्या अद्याप पूर्णपणे दाखवू शकत नाहीत.

म्हणूनच वर्गाला लावलेला निकष प्रयोगशाळेला जसाच्या तसा लावणे उचित ठरणार नाही. त्याचबरोबर, संशोधनाचे नाव घेतले की सर्व काही क्षम्य, असेही मानता येणार नाही. या प्रश्नाचे उत्तर खरोखरच अज्ञात आहे का, आणि ते अन्य मार्गाने मिळू शकते का, हे दोन प्रश्न संस्थांच्या प्राणी नीतिसमित्यांनी प्रत्येक प्रस्तावाला विचारले पाहिजेत. त्यांची प्रामाणिक उत्तरे मिळाली, तर मुक्या जिवांचे हाल कमी होतील आणि शेतात साप चावलेल्या माणसाच्या उपचारांचा शोधही थांबणार नाही.