आमचं कॉमिक कुणाच्या दोरीला लटकणार?



तुमच्या बापाला विचारा, वेताळ कोण होता. पिंपळावरचा नव्हे, कॉमिकमधला. काळ्या आदिवासींच्या जंगलात, कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसलेला गोरा माणूस. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, मराठीतही आणलं, १९९० पर्यंत चालवलं. वस्तीवस्तीतल्या पोरांनी ते रद्दीवाल्याकडून, भाड्याच्या लायब्ररीतून मिळवून वाचलं आणि त्या गोऱ्यासाठी टाळ्या पिटल्या. नुसती चित्रं भारी होती म्हणून? नाही. ते पोचलं म्हणून. पेपरवाल्याच्या गठ्ठ्यातून पोचलं, स्टॉलवर दोरीला लटकून पोचलं. अमर चित्र कथा १९६७ साली निघाली. देव झाले, राजे झाले, ऋषी झाले. बाबासाहेबांचा अंक यायला १९७९ उजाडलं.

म्हणून म्हणतो, चित्र कोण काढतो हा अर्धाच प्रश्न आहे. ते पोराच्या हातात कोण देतो, हा उरलेला अर्धा. आणि त्या अर्ध्याकडे आपली चळवळ पाठ करून बसली आहे.

दुखणं जुनं आहे. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. नाटकच का लिहिलं? ज्याला अक्षर येत नाही त्यालाही डोळ्यांनी दिसावं म्हणून. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं. छापून यायला १९७९ साल लागलं. एकशे चोवीस वर्षं! १९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही पुण्याच्या 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. लेख नव्हे, जाहिरात! म्हणजे यांचा पेपर निघालाय, एवढंसुद्धा लोकांना कळायला नको. जात नुसती पाणवठ्यावर नसते. ती पुस्तकाच्या गठ्ठ्यावर असते, दुकानाच्या दर्शनी फळीवर असते.

आता आजचं ऐका. आम्ही तिघांनी पर्वती सत्याग्रहावर बत्तीस पानांची चित्रकथा केली. १३ ऑक्टोबर १९२९. टेकडीवरचं देऊळ, खाली शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि सनातन्यांचा मार खायला तयार असलेली आपली माणसं. पिशवी घेऊन अप्पा बळवंत चौक पालथा घातला. एक दुकानदार दोन पानं उलटून म्हणाला, "जातीबितीचं आहे, इथं चालत नाही." दुसरा म्हणाला, "गडकिल्ल्यांचं काढा, लगेच उचलतो." तिसरा भला. ठेवून घेतो म्हणाला. जांगडीवर. कमिशन निम्मं, हिशेब सहा महिन्यांनी. आणि ठेवलं कुठे? दहावीच्या गाइडांच्या मागे.

हिशेब मांडून बघा. समजा किंमत साठ रुपये, छपाई पंचवीस. निम्मे दुकानाचे, म्हणजे हातात तीस. छपाई वजा जाता उरले पाच. त्यातच चित्रकार, टेम्पो आणि कोपरे मुडपून परत आलेल्या प्रती. तेही सहा महिन्यांनी. भांडवल आपलं, जोखीम आपली, गल्ला त्यांचा. तीच प्रत कार्यकर्त्याने विकली आणि त्याला पंधरा रुपये दिले, तर हातात पंचेचाळीस येतात. छपाई जाऊन वीस उरतात. शंभर प्रतींना दोन हजार. पुढच्या ऐंशी प्रती त्यातच छापून निघतात.

कुणी म्हणेल, मोठा वितरक गाठा. अमेरिकेतल्या छोट्या प्रकाशकांनी तेच केलं. बहुतेकांची कॉमिकं डायमंड नावाच्या वितरकामार्फत दुकानांत जायची. जानेवारी २०२५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. मग गोदामात जांगडीवर पडलेला प्रकाशकांचा माल विकून कर्जं फेडायची भाषा सुरू झाली. जांगड म्हणजे काय, ते आता कळलं?

कुणी म्हणेल, मोठा प्रकाशक गाठा. २०११ साली दिल्लीच्या 'नवयान'ने बाबासाहेबांवर 'भीमायन' काढलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांची चित्रं. त्याच साली 'गुलामगिरी'वरही चित्रकथा काढली. चांगलं काम, मान्य. पण निघालं इंग्रजीत. १८७३ साली पुण्यात मराठीतून छापलेल्या 'गुलामगिरी'चं कॉमिक दिल्लीहून इंग्रजीत यावं, याची लाज पुण्याने बाळगावी.

तिकडे टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये ३२ गटांनी एक हॉल घेतला, टेबलं मांडली आणि स्वतःची कॉमिकं स्वतः विकली. सातेकशे माणसं आली. त्या कॉमिकेटला आज लाखोंची गर्दी होते. पण टोकियो कशाला? आपली जत्रा त्याहून जुनी आहे! दीक्षाभूमी, चैत्यभूमी, १ जानेवारीचा पेरणे फाटा, १४ एप्रिलला पुणे स्टेशनचा पुतळा. तिथे चादर अंथरून पुस्तकं विकली जातात आणि उपाशी पोटी आलेली म्हातारी कनवटीचे पैसे सोडून घेते. एवढा रस्ता आपल्या बापजाद्यांनी तयार करून ठेवलाय, आणि आपण चौकातल्या शेठपुढे पिशवी उघडून उभे!

आता थोडं कडू. मंडळाच्या डीजेला पैसा निघतो, नेत्याच्या फ्लेक्सला निघतो. साठ रुपयांच्या पुस्तकाला मात्र "समाजाचं काम आहे, फुकट द्या की." नाहीतर "पीडीएफ टाका ग्रुपवर." पीडीएफ पसरते, खरं आहे. पण त्यातून पुढच्या पुस्तकाचा कागद येत नाही. फुकट मागणारा कार्यकर्ता आणि निम्मं कापणारा दुकानदार, दोघं मिळून एकच काम करतात: पुढचं पुस्तक मारतात.

तेव्हा करायचं काय?

एक. आपसात जांगड बंद. प्रत्येक कार्यकर्त्याने दहा प्रती रोखीने घ्याव्यात, विकाव्यात, पुन्हा घ्याव्यात.

दोन. ताडीवाला रोड, येरवडा, कासेवाडी, बोपोडी, पिंपरी. प्रत्येक ठिकाणच्या विहारात, अभ्यासिकेत, होस्टेलवर एक फळी आणि एक वही. वही एकाच्या नावावर.

तीन. पोस्ट. रजिस्टर्ड बुक पोस्ट १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झालं. पण १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. नियतकालिकाला ते नाही, म्हणून अंक न काढता पुस्तक काढा आणि मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापा. ऐंशी ग्रॅमची प्रत धरली तर एका पार्सलात साठ मावतात. नांदेडला, लातूरला प्रतीमागे दोन-अडीच रुपयांत माल जातो.

चार. आयएसबीएन फुकट मिळतो, तो घ्या. मग गावोगावच्या शासनमान्य ग्रंथालयांत सभासद म्हणून लेखी मागणी करा. त्यांचं अनुदान आपल्याही करातून येतं.

दुकानात पुस्तक ठेवायचं नाही असं नाही. ठेवा, पण आपल्या अटीवर. तोवर त्या फळीवाचून अडू नका.

दांडेकर पुलाच्या वस्तीतलं पोर रोज उठून पर्वती बघतं. त्या टेकडीसाठी १९२९ साली आपली माणसं लढली, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पुस्तक तयार आहे. अप्पा बळवंत चौकातून ते त्या पोरापर्यंत जाणार नाही. तुमच्या झोळीतून जाईल. दहा प्रती उचला, रोख द्या.

जय भीम.